मोमेंट कुठल्या बिंदूभोवती?

द्विमितीय प्रवाहाचं गणित संगणकावर मांडताना जाळी किती बारीक, सीमा किती दूर, टर्ब्युलन्सचं मॉडेल कोणतं, यावर आमच्या क्षेत्रात तासन्‌तास चर्चा होते. मोमेंट सेंटरवर सहसा कोणी बोलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन छोट्या चौकटी असतात, एक्स आणि वाय, आणि दोन्हींत आधीपासूनच शून्य भरलेलं असतं. ते तसंच राहिलं तरी सॉफ्टवेअरची काही हरकत नसते. सोल्व्हर चालतो, रेसिड्युअल नेमाने खाली येतात, आणि शेवटी मोमेंटचा आकडा दशांशाच्या पुढे पाच-सहा घरांपर्यंत छापून मिळतो. त्या आकड्यात गणिताची चूक नसते. तो भलत्याच बिंदूभोवतीचा असतो, इतकंच.

मी पुण्यात सीएफडीचं, म्हणजे संगणकावर प्रवाह सोडवण्याचं काम करतो. आधी एअरफॉइल आणि पंख्यांची पाती, मग व्हॉल्व्ह, आणि अलीकडे बराच काळ धरणांचे दरवाजे. या कामात माझं एक मत पक्कं झालं आहे: मोमेंट सेंटर ठरवायचं ते यंत्राचं ड्रॉइंग समोर ठेवून. ही वस्तू कशाभोवती फिरते, ती कुठे टांगली आहे, तिचा भार शेवटी कुठल्या पिनेवर जातो, हे ज्याने पाहिलेलं नाही त्याने मोमेंटचा आकडा कोणाला देऊ नये.

मुळात गोष्ट अकरावी-बारावीच्या पुस्तकातली आहे. पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्यावर दाब आणि घर्षण मिळून एक बल लागतं. सगळ्यांची बेरीज केली की एकूण बल मिळतं, आणि ते कुठून मोजलं याने काही फरक पडत नाही. मोमेंटमध्ये मात्र प्रत्येक बलाला अंतराने गुणायचं असतं, आणि अंतर म्हटलं की ते कुठून, हे आलंच. द्विमितीत सूत्र सुटसुटीत आहे: आडवं अंतर गुणिले उभं बल, वजा उभं अंतर गुणिले आडवं बल. अक्ष कागदातून सरळ आपल्याकडे येणारा असतो, त्यामुळे ठरवायचा उरतो तो फक्त बिंदू. बिंदू हलवला की मोमेंट बदलतो, आणि किती बदलेल तेही नेमकं सांगता येतं: एकूण बल गुणिले बलाच्या दिशेला लंब असं हलवलेलं अंतर. एकूण बल शून्य असेल, नुसतं बलयुग्म असेल, तरच बिंदू कुठलाही घेतलेला चालतो. प्रवाहात उभ्या असलेल्या वस्तूवर असं क्वचितच घडतं.

नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना आम्ही पहिला सराव देतो तो नाका ००१२ या सममित एअरफॉइलचा. नासाच्या लँग्ली केंद्राने टर्ब्युलन्स मॉडेल पडताळण्यासाठी ही केस सगळ्यांना खुली करून ठेवली आहे: माक अंक ०.१५, रेनॉल्ड्‌स अंक ६० लाख, आणि १० अंशांच्या कोनाला लिफ्ट कोएफिशंट १.०९ च्या आसपास. मुलं हा आकडा जुळवतात, ड्रॅग ०.०१२ च्या जवळ आणतात, आणि मोमेंटपाशी येऊन थबकतात. पुस्तक सांगतं की पाव कॉर्डवर, म्हणजे नाकापासून लांबीच्या पावभर मागे, घेतलेला मोमेंट जवळपास शून्य हवा. यांच्या पडद्यावर ०.२७ असतो. लगेच जाळी बारीक करायला घेतात, टर्ब्युलन्स मॉडेल बदलायला निघतात. तेव्हा मी विचारतो, "ओरिजिन कुठे आहे?" तो एअरफॉइलच्या नाकाशी असतो, कारण निर्देशांकांची फाइलच तशी मिळते, आणि मोमेंट सेंटर शून्य-शून्यवर राहिलेलं असतं. लिफ्टचा जोर पाव कॉर्डच्या आसपास लागतो, म्हणून १.०९ ला ०.२५ ने गुणा. ०.२७ येतातच. प्रवाह पहिल्यापासून नीट सुटलेला असतो.

या पाव कॉर्डला सैद्धांतिक आधार आहे. १९२० च्या दशकात मुंक आणि ग्लाउअर्ट यांनी पातळ एअरफॉइलचा जो सिद्धांत मांडला त्यातून हे निघतं की या एका बिंदूभोवतीचा मोमेंट कोन बदलला तरी बदलत नाही. म्हणून पवनबोगद्यांतल्या मोजमापांचे तक्ते या बिंदूभोवती छापले गेले. मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये एमआयटीत लिहिलेला एक्सफॉइल हा प्रोग्रॅमही सांगितलं नाही तर मोमेंट पाव कॉर्डभोवतीच देतो. एकीकडे एक्सफॉइलचा आकडा, दुसरीकडे नाकाभोवतीचा, आणि दोन्ही एकाच आलेखावर, असे प्रोजेक्ट रिपोर्ट मी पाहिलेले आहेत. त्या आलेखाखाली मग 'द्विमितीय गृहीतकामुळे आलेली तफावत' असं स्पष्टीकरण असतं. द्विमितीचा त्यात काही दोष नसतो.

चिन्हाचा घोळ वेगळाच. वारा डावीकडून उजवीकडे, नाक डावीकडे, अक्ष आपल्याकडे. उजव्या हाताच्या नियमाने घड्याळाच्या उलट फिरणं धन. पण नाक वर उचललं जाणं हे या चित्रात घड्याळाच्या दिशेने फिरणं आहे, म्हणजे ऋण, आणि विमानविद्येत नाक वर जाणं धन मानतात. त्यामुळे पुस्तकातला -०.२७ सोल्व्हरमध्ये +०.२७ दिसतो. यावर उपाय म्हणून अक्षाची दिशा उलटी करा किंवा आकड्याला वजा लावा, दोन्ही चालतं. मात्र कुठलं केलं ते लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा एकदा उलटं करतो.

एअरफॉइलमध्ये आणखी एक बारकावा आहे. कोन द्यायचा तर काही जण वाऱ्याची दिशा फिरवतात, काही जण एअरफॉइलच फिरवतात. नाकाभोवती १० अंश फिरवलं की पाव कॉर्डचा बिंदू (०.२५, ०) वर राहत नाही, तो (०.२४६, -०.०४३) वर जातो. यामुळे पडणारा फरक ०.००४ च्या घरातला. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण मोजायची राशीच शून्याला चिकटलेली असताना तो क्षुल्लक राहत नाही.

हे सगळं सरावापुरतं. आकडा चुकला तर वही लाल होते, पलीकडे काही नाही. मोमेंट सेंटरचं खरं वजन मला कळलं ते धरणाच्या दरवाजांमुळे.

'कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलले' ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. हा वक्र दरवाजा म्हणजे वर्तुळाच्या कमानीसारखा वळवलेला पोलादी पत्रा. फुगीर बाजू पाण्याकडे. मागून दोन्ही बाजूंना पोलादी हात निघतात आणि खालच्या अंगाला, पिअरमध्ये, म्हणजे दरवाजाच्या बाजूच्या भिंतीसारख्या खांबात, बसवलेल्या जाड पिनेवर एकत्र येतात. ती पिन म्हणजे ट्रनियन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जेरेमाया टेंटर यांनी १८८६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, म्हणून जगभर याला टेंटर गेटही म्हणतात. रचनेतली खुबी अशी की पत्र्याच्या वर्तुळाचं केंद्र बरोबर ट्रनियनवर ठेवलेलं असतं. पाण्याचा दाब पृष्ठभागाला लंब लागतो, आणि वर्तुळावरचा प्रत्येक लंब केंद्रातून जातो. म्हणजे पत्र्यावर शेकडो टन पाणी रेललेलं असलं तरी दाबाचा ट्रनियनभोवतीचा मोमेंट शून्य. उचलणाऱ्या यंत्राला फक्त दरवाजाचं वजन, बाजूच्या रबरी सीलचं घासणं आणि पिनेतलं घर्षण एवढंच पेलायचं. सपाट दरवाजा आपल्या खाचेतून वर ओढताना पाण्याच्या पूर्ण दाबाखालचं घर्षण झेलावं लागतं. इथे ते टळतं.

मला ही रचना फार सुंदर वाटते. आणि सीएफडी करणाऱ्याच्या हाती ती एक तपासणी आयती देते. मोमेंट सेंटर ट्रनियनवर ठेवा आणि दाबाचा मोमेंट पाहा. फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये मोमेंटच्या तक्त्यात दाबाचा, व्हिस्कस आणि एकूण असे तीन वेगळे आकडे येतात. वर्तुळाकार पत्र्यापुरता पहिला आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर एकतर केंद्र चुकलं आहे, किंवा पत्र्याची कमान जाळीत नीट उतरलेली नाही. दोन्ही गोष्टी काम पुढे नेण्याआधी कळलेल्या बऱ्या.

केंद्र चुकण्याची वाटही सरळ असते. धरणाच्या ड्रॉइंगवर उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते, अंतरं कुठल्यातरी चेनेजपासून, आणि बारकावे मिलिमीटरमध्ये. सीएफडीसाठी भूमिती काढणारा माणूस सोयीसाठी ओरिजिन सांडव्याच्या माथ्यावर आणतो, मग जाळी मिलिमीटरमधून मीटरमध्ये स्केल करतो. जाळी स्केल झाली म्हणून आधी भरून ठेवलेलं मोमेंट सेंटर आपोआप स्केल होत नाही. ट्रनियनचा बिंदू या प्रत्येक टप्प्यावर सोबत न्यावा लागतो. केंद्र शेकडो मीटर दूर राहिलं तर आकडा इतका अवाढव्य येतो की कोणाच्याही लक्षात येईल. धोका असतो तो दहा-पंधरा सेंटिमीटरच्या चुकीचा.

आकड्यांत सांगतो. समजा दरवाजा बंद आहे आणि समोर १० मीटर पाणी आहे. एक मीटर रुंदीवरचा आडवा जोर सुमारे ४९० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५० टन. मोमेंट सेंटर ट्रनियनच्या १० सेंटिमीटर खाली गेलं, तर जो मोमेंट मुळात शून्य आहे त्या जागी दर मीटर रुंदीला ४९ किलोन्यूटन-मीटर उगवतात, आणि तेही दरवाजा उघडण्याच्या दिशेने. दरवाजा १२ मीटर रुंद आणि त्रिज्याही १२ मीटर धरली तर उचलणाऱ्या दोरांवरची सुमारे ५ टन ओढ कागदावरून नाहीशी होते. आता पिनेतलं घर्षण पाहा: पिनेची त्रिज्या १५ सेंटिमीटर आणि घर्षणांक ०.२ धरला, तर दर मीटर रुंदीला १५ किलोन्यूटन-मीटरही होत नाहीत. म्हणजे १० सेंटिमीटरची ती चूक ज्या घर्षणाचा हिशेब करायचा त्याच्या तिपटीहून मोठी.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक यांत्रिकी अभियंते आमच्याकडे सल्ल्यासाठी यायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचा उभा जन्म दरवाजांवर गेलेला. आमचे रंगीत आलेख ते सावकाश बघायचे, कौतुकाने बघायचे, आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचे.

"मोमेंट कुठल्या बिंदूभोवतीचा आहे हा?"

"ट्रनियनभोवतीचा, काका."

"कुठलं ट्रनियन? ड्रॉइंगवरचं, का जागेवरचं?"

हा दुसरा प्रश्न मला तोवर कोणी विचारलेला नव्हता. त्यांनी समजावलं. जुन्या दरवाजांवर बेअरिंग झिजतं, दुरुस्तीत पत्रा बदलला की कमानीची त्रिज्या किंचित बदलते, आणि वर्तुळाचं केंद्र व पिनेचं केंद्र यांच्यात थोडं अंतर पडतं. कधीकधी तर डिझायनरच ते अंतर मुद्दाम ठेवतो. "तेव्हा तुझा दाबाचा मोमेंट शून्य आला तर आनंद मानू नकोस लगेच," ते म्हणाले, "तू कमानीचं केंद्र टाकलंस का पिनेचं, ते आधी बघ. दरवाजा पिनेभोवती फिरतो, तुझ्या वर्तुळाभोवती नाही."

त्यांच्याबरोबर एका धरणावर पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीला जायला मिळालं. सांडव्याच्या खालच्या अंगाने शिडीवरून पिअरच्या कडेला गेलो की ट्रनियन हाताशी येतं. पोलादी खोगिरात बसलेली पिन, टोकाला झाकण, झाकणाच्या बाजूला ग्रीसचं निपल. काकांनी निपलभोवतीचं जुनं, काळं, कडक झालेलं ग्रीस बोटाने खरवडलं, आणि नवं ग्रीस पंपाने भरताना ते दुसऱ्या बाजूने बाहेर येतं का ते वाकून पाहिलं. बाहेर आलं नाही तर आत वाट बुजली आहे, असा त्याचा अर्थ. पडद्यावर आम्ही ज्याला दोन निर्देशांक देऊन मोकळे होतो, तो बिंदू प्रत्यक्षात असा जाड, जड आणि गंजू शकणारा असतो.

गंजलेल्या ट्रनियनची जगाला ठाऊक असलेली घटना कॅलिफोर्नियातल्या फोल्सम धरणावरची आहे. १७ जुलै १९९५ रोजी जवळपास भरलेल्या जलाशयातून पाणी सोडण्यासाठी तिसऱ्या क्रमांकाचा वक्र दरवाजा उचलत असताना त्याच्या हातांमधला तिरका आधार निखळला, हात वाकले आणि दरवाजा कोसळला. सुमारे ४०,००० क्युसेक पाणी अमेरिकन नदीत सुटलं. जीवितहानी झाली नाही. चौकशीतून पुढे आलं ते असं: पिनेतल्या घर्षणामुळे हातांवर येणारा वाकवणारा भार मूळ डिझाइनमध्ये धरलेलाच नव्हता, आणि गंज व अपुरं वंगण यांमुळे ते घर्षण वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं. दाबाचा मोमेंट शून्य, हे त्या काळच्या डिझायनरांनी बरोबरच मानलं होतं. पण दाब ज्या पिनेतून जातो ती पिन त्या दाबानेच आवळली जाते आणि दरवाजा फिरवताना विरोध करते. तो विरोधही त्याच बिंदूभोवती मोजावा लागतो. प्रवाहाचं कुठलंही सॉफ्टवेअर तो आपल्याला देणार नाही, कारण ते पाणी पाहतं, बेअरिंग पाहत नाही. आपण दिलेला मोमेंट घेऊन यांत्रिकी विभागाचा माणूस त्यात घर्षण मिळवतो. दोघांचे बिंदू वेगळे असतील तर ती बेरीज निरर्थक होते.

यापुढची पायरी म्हणजे दरवाजा हलता ठेवून केलेलं सिम्युलेशन. त्याची गरज का पडते, ते आणखी एका अपघातावरून कळतं. जपानमधल्या वाची धरणाचा असाच एक दरवाजा १९६७ मध्ये तुटला. नोरियाकी इशी आणि केइको अनामी यांनी अशा दरवाजांच्या कंपनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दरवाजाचं पिनेभोवतीचं फिरणं आणि लवचिक सांगाड्यावर पत्र्याचं स्वतंत्र झुलणं एकमेकांना खतपाणी घालतात, असं त्यांचं म्हणणं, आणि फोल्समच्या घटनेकडेही ते याच नजरेने पाहतात. पत्रा पिनेऐवजी दुसऱ्याच अक्षाभोवती झुलू लागला की 'सगळे लंब केंद्रातून जातात' हा दिलासा संपतो. अशा सिम्युलेशनमध्ये बिंदूचं महत्त्व पूर्णपणे बदलतं. वस्तू स्थिर असेल तर चुकीच्या बिंदूभोवतीचा मोमेंट नंतर दुरुस्त करता येतो, फक्त त्याच क्षणाची आडवी आणि उभी बलं जपून ठेवलेली असली पाहिजेत. वस्तू हलती असेल तर मोमेंटवरून सोल्व्हर पुढची हालचाल ठरवतो, हालचालीवरून प्रवाह बदलतो, आणि चुकीच्या बिंदूने सुरू झालेलं गणित कुठल्याही सूत्राने सावरता येत नाही. ते पुन्हाच चालवावं लागतं.

म्हणून आमच्याकडे एक रीत पडली आहे. एकाच रनमध्ये दोन बिंदूंभोवती मोमेंट नोंदवायचा, एक खरा आणि एक मुद्दाम दूरचा, आणि दोघांतला फरक बल गुणिले अंतर एवढाच येतो का ते हाताने तपासायचं. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. त्यातून चिन्ह, एकक आणि निर्देशांक तिन्ही एकदम पडताळून होतात. ओपनफोममध्ये हे जास्तच गरजेचं, कारण तिथे द्विमितीय जाळीलाही एका घराची जाडी असते. जाडी ०.१ मीटर असेल तर बल आणि मोमेंट तेवढ्याच जाडीचे येतात. फ्लुएंट मात्र एक मीटर खोली धरतो. दोन सॉफ्टवेअरचे आकडे शेजारी ठेवून कोणी दहापट फरकाने गोंधळलं असेल तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं.

द्विमितीच्या मर्यादा मी नाकारत नाही. पिअरजवळ पाणी आक्रसतं, बाजूच्या सीलपाशी गळती असते, हातांभोवतीचा प्रवाह मधल्या छेदात दिसतच नाही. दर मीटरचा मोमेंट रुंदीने गुणून पूर्ण दरवाजाचा काढणं हा अंदाजच आहे. तरीही दरवाजाच्या खालच्या ओठाचा आकार ठरवायला, दरवाजा किती उघडल्यावर पाणी ओठाखालून सुटतं आणि पुन्हा चिकटतं ते पाहायला, हा मधला छेद स्वस्तात खूप काही शिकवतो. पत्र्यावरचा दाब केंद्रातून जातो, पण ओठाच्या खालच्या सपाट पट्टीवरचा जात नाही, आणि दरवाजा खाली खेचणारा किंवा वर ढकलणारा खराखुरा मोमेंट तिथेच जन्मतो. तो मूळ शून्यावरचा छोटा आकडा असतो. बिंदू १० सेंटिमीटरने हलला की तो त्या ४९ किलोन्यूटन-मीटरच्या खाली गाडला जातो आणि ओठाच्या दोन आकारांमधली तुलनाच करता येत नाही.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या प्रोजेक्टमध्ये मोमेंटचा तक्ता असेल तर त्याच्या डोक्यावर एक ओळ जरूर लिहा: बिंदूचे निर्देशांक आणि तो यंत्रातला कुठला भाग आहे ते, कुठलं फिरणं धन मानलं, कोणती लांबी आणि खोली धरली. शेजारी दोन स्तंभांत आडवं आणि उभं बल द्या, म्हणजे वाचणाऱ्याला हवा तो बिंदू घेता येईल. आणि तोंडी परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकांना विनंती आहे, ती ओळ नसेल तर तक्ता तपासू नका, परत करा.